एकशे ऐंशीचं उत्तर

"उत्तरं किती?" वळसंगे सरांनी फळ्याकडं तोंड ठेवूनच विचारलं.

"एक!" अख्खी शेड ओरडली.

"दोन," मी म्हणाले.

मी काही ओरडले नव्हते. पण आमच्या क्लासात सगळे एका दमात ओरडायचे आणि एका दमात गप्प व्हायचे. माझा शब्द नेमका त्या शांततेत सापडला. सरांचा खडू थांबला. ते वळले आणि त्यांनी मुलींच्या बाकांवरून नजर फिरवली.

"कोण ते?"

मी उभी राहिले. "मी, सर. शिवलीला बिराजदार."

"साठ जण एक म्हणायलेत आणि तू एकटी दोन?"

"हो सर."

"हा भाग मी शिकवला तेव्हा वर्गात होतीस का?"

"नव्हते सर. गालगुंड झालं होतं."

मुलं फिदीफिदी हसली. सरही हसले. वर्गाला हसवणं त्यांना जमायचं आणि आवडायचंही. "म्हणजे पद्धत ठाऊक नाही, पण उत्तर ठाऊक आहे. तेही एक जास्तीचं! बस खाली."

मी बसले. मला राग आला की आधी कान तापतात. त्या दिवशी ते असे तापले होते, की शेजारच्या नसरीननं हळूच विचारलं, "गालगुंड परत आलं का गं?"

ही गोष्ट उदगीरची, सत्त्याण्णव सालची. मी बारावी सायन्सला होते. गावात गणिताचे क्लास दोन-तीन होते, पण नाव वळसंगे सरांचं. टिनाची लांबलचक शेड, पुढं काळा फळा, फळ्यापुढं टेबल आणि टेबलावर लाकडी डस्टर. सरांची शिकवायची तऱ्हा अशी, की त्यांनी डस्टर आपटून विचारायचं आणि वर्गानं ओरडून उत्तर द्यायचं. साइन तीस? "एक छेद दोन!" कॉस नव्वद? "शून्य!" डोक्याला विचारत बसायचं नाही, तोंडानं परस्पर उत्तर द्यायचं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, आत आरती चाललीय.

त्रिकोणमितीच्या समीकरणांसाठी तर सरांकडं हुकमाचा एक्काच होता. एक्स हा कोन काढायचा असेल, तर आधी त्याचा अर्धा कोन घ्यायचा आणि त्या अर्ध्याच्या टॅनला टी म्हणायचं. मग साइन असो की कॉस, दोन्ही टी-मध्ये लिहिता येतात. त्रिकोणमिती गळून पडते आणि खाली उरतं ते आठवीतल्या पोरालाही सुटेल असं बीजगणित. टी काढला की मागं फिरून एक्स काढायचा. "कोणतंही समीकरण द्या," सर म्हणायचे, "माझा टी त्याला सोडत नाही."

मी आजारी होते त्याच आठवड्यात हा टी शिकवून झाला होता. आणि रविवारच्या परीक्षेत नववा प्रश्न आला तो असा: साइन एक्स अधिक कॉस एक्स बरोबर वजा एक, तर शून्य ते तीनशे साठ अंशांत एक्स किती? मार्क चार.

टी येत नव्हता म्हणून मी आपलं वर्तुळ काढलं. कॉस म्हणजे आडवं अंतर आणि साइन म्हणजे उभं, एवढं अकरावीत शिकले होते. दोन्हींची बेरीज वजा एक यायला हवी, म्हणजे एक तिरकी रेघ. ती रेघ ओढली तर तिनं वर्तुळाला दोन ठिकाणी कापलं, एकशे ऐंशीवर आणि दोनशे सत्तरवर. दोन्ही कोन घालून पाहिले. दोन्ही बसले. मी दोन्ही उत्तरं लिहिली, त्यांच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि खुशीत पुढच्या प्रश्नाकडं वळले.

पेपर तपासून आला तेव्हा माझ्या वर्तुळावर तांबडी फुली होती आणि शेजारी भोपळा. टी घेऊन सोडवलं, की म्हणे एकच उत्तर येतं, दोनशे सत्तर. मग माझं एकशे ऐंशी कुठून आलं? सरांच्या मते हवेतून.

आता चार मार्कांसाठी एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण ती परीक्षा साधी नव्हती. दिवाळीच्या आधीच्या परीक्षेवरून सर वीस मुलांची पहिली बॅच निवडायचे आणि तिला बारावीच्या बोर्डापर्यंत स्वतः घासून तयार करायचे. दरवर्षी त्या विसांतले बरेचसे इंजिनिअरिंगला जायचे. आणि आमच्या घरात अप्पांशी माझा करार झाला होता. अप्पा म्हणजे माझे वडील, जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी. मुलीनं डी.एड. करावं, घराजवळची शाळा धरावी, पगार सुरू व्हावा, यापलीकडं त्यांची उडी नव्हती. मी इंजिनिअरिंगचा धोशा लावला तेव्हा ते म्हणाले होते, "सरांच्या दिवाळीच्या यादीत पहिल्या विसात नाव आलं, तर तुझं इंजिनिअरिंग. नाही आलं तर डी.एड., आणि मग रडायचं नाही."

यादीत माझं नाव तेविसावं होतं. ते चार मार्क असते, तर मी विसांत होते.

क्लासात आणखी एक पद्धत होती. तपासलेला पेपर हातात आला, की तो बघायचा, मार्कांखाली "मान्य" लिहून सही करायची आणि परत द्यायचा. पुढं पालकांची भांडणं नकोत म्हणून सरांनी ती काढली होती. डोळे झाकून सगळे मान्य लिहायचे. एका मुलाला तर बेरजेत मार्क कमी पडले होते, तरी त्यानं मान्य लिहिलं होतं.

मी लिहिलं, "अमान्य." खाली सही केली, तारीख टाकली आणि पेपर पुढं दिला.

"लिले, काय केलंस हे?" नसरीननं माझं मनगट धरलं. नसरीन शेख म्हणजे वर्गातली कायमची पहिली. तिचा त्या परीक्षेतही पहिला नंबर होता. "खोड ते. अजून पेपर पुढं गेले नाहीत."

"तुझ्याकडं एकच उत्तर आहे ना?"

"टी-नं एकच येतंय."

"एकशे ऐंशी घालून बघ."

तिनं तळहातावर पेननं दोन ओळी मांडल्या. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हात मुठीत मिटला.

क्लास सुटताना सरांनी मला थांबवलं. माझा पेपर त्यांच्या हातात होता. "अकरा वर्षं क्लास घ्यायलो," ते म्हणाले, "हा शब्द पहिल्यांदा वाचला. उद्या संध्याकाळी वडलांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी अप्पा शाळेतून परस्पर आले. शेडच्या टोकाला प्लायवूडचा आडोसा घालून सरांनी ऑफिस केलं होतं. अप्पांनी बाहेर चपला काढल्या. तिथं कुणी चपला काढत नसे. मला ते मुळीच आवडलं नाही.

"सर, लेकराची चूक झाली," अप्पांनी आत पाऊल टाकताच सुरुवात केली. "आजारातून उठलीय, डोकं ठिकाणावर नाही तिचं. पोटात घाला."

"अप्पा, माझी चूक..."

"तू गप."

"गुरुजी, बसा तुम्ही," सर म्हणाले. "चूक तिची नाही. तिचं उत्तर बरोबर आहे."

अप्पा अर्धे खुर्चीत, अर्धे हवेत राहिले. मीसुद्धा घरून सतरा वाद पाठ करून आले होते. ते सगळे एकदम बेकार झाले.

"काल घरी जाऊन एकशे ऐंशी घालून बघितलं," सर सांगू लागले. "बसतंय. मग मी माझं उत्तर धुंडाळायला बसलो, की टी-नं ते गिळलं कुठं? आणि सापडलं! इकडं ये."

मागच्या भिंतीवर एक छोटा फळा होता. सरांनी त्यावर वर्तुळ काढलं. हातानंच काढलं, पण असं गोल, की बघत राहावं. "एकशे ऐंशीचा अर्धा किती? नव्वद. आणि टॅन नव्वद?"

"नसतो सर."

"नसतोच! मग टी कुठून असणार? म्हणजे आपण टी लिहिला रे लिहिला, की एकशे ऐंशीला दार बंद. पण हे झालं पुस्तकातलं. खरी गंमत पुढं आहे." त्यांनी वर्तुळाच्या डाव्या टोकाला एक ठळक ठिपका दिला. "हा एकशे ऐंशीचा बिंदू. समज, तू इथं उभी आहेस आणि इथून बाकीच्या वर्तुळाकडं बघायलीस. केंद्रातून जो कोन एक्स दिसतो, तो इथून केवढा दिसेल?"

"अर्धा," मी म्हणाले. दहावीचं प्रमेय होतं ते.

"अर्धा! तोच आपला अर्धा कोन. या ठिपक्यापासून वर्तुळाच्या एकेका बिंदूकडं एकेक रेघ जाते. तिचा चढ म्हणजे टी." ते भराभर रेघा ओढत सुटले. डाव्या ठिपक्यातून निघालेल्या रेघांनी वर्तुळ भरून गेलं. "बघ, सगळं वर्तुळ दिसतं इथून. एकूण एक बिंदू. फक्त एक दिसत नाही. कोणता?"

मी ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ज्याच्यावर उभे आहोत तोच!" सरांनी खडू टेबलावर टाकून हात झाडले. त्यांचा चेहरा उजळला होता. एवढ्या महिन्यांत ते असे खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. त्या घटकेला मला ते फार आवडले, आणि हे मी आजही नाकबूल करणार नाही.

"मग सर, माझे चार मार्क?" मी विचारलं.

सर खुर्चीत बसले. चेहऱ्यावरचा उजेड गेला. "ते चार मार्क तुला मिळतील. आजारपणात तुझे हजेरीचे मार्क कापले गेलेत, ते मी परत देतो. बरोबर चार होतात. तू विसात येतेस. पहिल्या बॅचला बस, जोरात अभ्यास कर. गुरुजी, पोरगी हुशार आहे तुमची."

"लई उपकार झाले, सर," अप्पांनी हात जोडले.

"हजेरीचे नकोत," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी हजर नव्हते, सर. ते मार्क कापले ते बरोबरच कापले. मला नवव्या प्रश्नाचे पाहिजेत."

अप्पा माझ्याकडं वळले. "मार्कावर काय प्रश्नाचा नंबर लिहिलेला असतोय का? चार म्हणजे चार! घे की गुपचूप."

"असतोय, अप्पा."

"हे बघ शिवलीला," सर शांतपणे म्हणाले. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. "नवव्या प्रश्नाचे तुला दिले, तर बाकी साठ जणांचे काढावे लागतात. त्यांचं उत्तर अपुरं ठरतं. यादी लागून गेली, मुलांच्या आई-बापांनी पेढे वाटले. अहमदपूरच्या क्लासला हाच पेपर गेलाय, हीच उत्तरं गेलीत. आणि ते सगळं एकवेळ सोड. या पोरांना मी सांगितलंय, की टी कधी दगा देत नाही. तो दगा देतो म्हणून कळलं, तर बोर्डाच्या पेपरात हात थरथरतील त्यांचे."

"मग सांगायचं, की एकशे ऐंशी तेवढं वेगळं घालून बघा. एक ओळ तर आहे."

"तुला एक ओळ वाटते."

"वर्गात सांगाल का, सर?"

"नाही."

"मग मला हजेरीचे नकोत."

अप्पांनी कपाळाला हात लावला. "सर, हिच्या आईवर गेलीय ही. जरा दम धरा, मी समजावतो." मग माझ्याकडं वाकून, सरांना ऐकू जाईल अशाच आवाजात, "लीला, तुझं इंजिनिअरिंग त्या टेबलावर ठेवलंय त्यांनी. उचल आणि चल. कशाला भांडायलीस?"

मला ते कळत होतं. सतरा वर्षांची असले तरी एवढं कळत होतं, की मी नाही म्हटलं तर डी.एड. मला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त राग येत होता. उत्तर बरोबर म्हणायचं, त्याच्यावर एवढं सुंदर चित्र काढून दाखवायचं, आणि मार्क मात्र हजेरीच्या नावानं मागच्या दारानं द्यायचे. उद्या कुणी विचारलं, की तू विसात कशी आलीस, तर काय सांगायचं? गालगुंड झालं म्हणून?

"तेविसावी तर तेविसावी," मी म्हणाले. "मी दप्तर घेऊन येते."

शेडमध्ये आमची संध्याकाळची बॅच येऊन बसली होती. सर अजून यायचे होते म्हणून गलका चालला होता. माझं दप्तर नसरीनच्या शेजारी होतं. ते घेतलं आणि निघाले. दारापर्यंत जायचं तर फळ्यासमोरून जावं लागतं. टेबलावर डस्टर पडलं होतं.

मी काही ठरवून केलं नाही. ठरवलं असतं तर धीरच झाला नसता. मी डस्टर उचललं आणि सर आपटतात तसं टेबलावर आपटलं.

"साइन एकशे ऐंशी?"

"शून्य!" साठ तोंडं आपोआप उघडली. कोण विचारतंय हे बघायची सवयच नव्हती कुणाला.

"कॉस एकशे ऐंशी?"

"वजा एक!"

"बेरीज?"

"वजा एक!"

ओरडून झाल्यावर मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. मागच्या बाकावरून कुणीतरी "आयला" म्हणालं. दोघा-तिघांनी वह्या उघडल्या. रविवारचा नववा प्रश्न कुणी विसरलेलं नव्हतं.

"मग उत्तरं किती?" मी विचारलं.

सगळे माझ्या मागं दाराकडं बघत होते. मी वळून पाहिलं. दारात वळसंगे सर उभे होते आणि त्यांच्या खांद्यामागं अप्पा, हातात चपला धरून.

"दोन," नसरीन म्हणाली. उभी राहून म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण म्हणाली.

"बाहेर हो," सर मला म्हणाले. ओरडले नाहीत. मी डस्टर जागेवर ठेवलं आणि बाहेर झाले.

अप्पा सायकल हातात धरून चालत होते आणि मी त्यांच्या मागून. जयजवान चौकात सायकल थांबवून ते म्हणाले, "अख्ख्या पंचक्रोशीत एवढ्या एका माणसापुढं मी हात जोडतो. त्याच्यापुढं तू माझी मान खाली घालायला लावलीस. मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणला असता."

"म्हणलोच असतो! म्हणून तर विचारायचं असतंय!" शेजारचा पानवाला आमच्याकडं बघायला लागला तसा अप्पांनी आवाज खाली आणला. "यादीत नाव नाही. ठरलं ते ठरलं. आता माझ्याकडं इंजिनिअरिंगचं नाव काढायचं नाही."

"बरं," मी म्हणाले.

मी रडणार नाही असं त्यांना वाटावं, असंच "बरं" म्हणाले. रडले मी, पण न्हाणीघरात, बादलीत नळ सोडून. आईनं बाहेरून विचारलं, की एवढं पाणी कशाला घालवायलीस, तर आतून म्हणाले, केस धुतेय. मला पश्चात्ताप मात्र एवढासाही होत नव्हता. चिडचिड होत होती, की बरोबर असूनही मीच घरी बसायचं आणि चुकलेल्यांनी बॅचमध्ये. शेजारच्या काकू येऊन म्हणून गेल्या, की मुलीच्या जातीला एवढा ताठा बरा नाही. मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही हिशोबात चुकलेल्या दुकानदाराला सोडता का?" त्या उठून गेल्या आणि आईनं मला दिवसभर चकल्या पाडायला बसवलं.

दिवाळी तोंडावर आली होती. अप्पा माझ्याशी कामापुरतं बोलत होते. डी.एड.ची चौकशी त्यांनी एका ओळखीच्या गुरुजींकडं करून ठेवली होती, हे मला आईकडून कळलं. एकदाच, जेवताना, ताटाकडं बघत त्यांनी विचारलं, "ते एकशे ऐंशी खरंच बसतंय ना?"

"सरच म्हणले की बसतंय म्हणून. तुम्ही होता तिथं."

"सरांचं सोड. तू सांग."

"बसतंय, अप्पा."

त्यांनी मान हलवली आणि आमटी मागितली.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी नसरीन सायकल दामटत आली. अप्पा अंगणात बसून आकाशकंदिलाला कागद चिकटवत होते आणि मी त्यांना खळ देत होते. नसरीननं सायकल नीट लावलीसुद्धा नाही.

"लिले, यादी बदलली! नवी लावलीय."

"कशी काय बदलली?"

"प्रश्न नऊ रद्द. सगळ्यांचे चार चार मार्क गेले. तुझे काही नव्हतेच, तर जाणार कुठून? एकदम सोळाव्या नंबरावर आलीस तू!" तिनं दम खाल्ला. "माझेही चार गेले तुझ्यामुळं. नंबर नाही गेला म्हणून माफ केलं."

"रद्द?" मी उभी राहिले. "रद्द कशासाठी? प्रश्न तर बरोबर आहे! उत्तरं दोन आहेत, एवढं सांगायचं तर अख्खा प्रश्नच रद्द?"

"फळ्यावर एवढंच लिहिलं आणि इंटिग्रेशन सुरू केलं."

"कुणी विचारलं नाही?"

"मी विचारलं. का म्हणून."

"मग?"

नसरीननं अप्पांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "सर म्हणले, छपाईची चूक होती."

माझ्या हातातली खळीची वाटी मी अशी आदळली, की खळ अप्पांच्या धोतरावर उडाली. छपाईची चूक! ज्या माणसानं हातानं ते वर्तुळ काढून, एकेक रेघ ओढून मला दाखवलं होतं, त्यानं साठ पोरांना सांगितलं की छापखान्यानं घोळ केला. हजेरीचे मार्क देणं परवडलं असतं. तिथं निदान खोटं माझ्यापुरतं राहिलं असतं.

"आणि निरोप आहे सरांचा," नसरीन म्हणाली. "भाऊबीज झाली की लगेच ये म्हणले. पहिल्या बॅचला. पहिल्या बाकावर बसवतो म्हणले."

"मी नाही जायची."

"वेडी आहेस का? नाव लागलंय तुझं!"

"नाही म्हणजे नाही. तिथं बसून रोज त्या फळ्याकडं बघायचं आणि त्या माणसानं विचारलं की सगळ्यांबरोबर ओरडायचं? माझ्याच्यानं होणार नाही. मी घरी बसून करीन. नाही झालं तर..." पुढचं मला बोलवेना. नाही झालं तर काय, ते अप्पांनी आधीच ठरवलं होतं. इंजिनिअरिंग परत एकदा माझ्यापुढं ठेवलं होतं आणि मी परत एकदा त्याला लाथ मारत होते. या खेपेला कान तापले नव्हते. मी आदळलेली वाटी उचलून सरळ ठेवली. पण शब्द मागं घ्यायचे नव्हते.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. अप्पा धोतरावरची खळ बोटानं निपटत होते. ते सावकाश निपटून झाल्यावर त्यांनी नसरीनकडं पाहिलं.

"बाळ, तू स्वतः बघितलीस यादी?"

"हो काका. मीच तर आधी वाचली."

"हिचं नाव आहे त्याच्यात? सोळावं?"

"सोळावं. शिवलीला बसवणप्पा बिराजदार. तुमचं नावसुद्धा आहे मधी."

"पहिल्या विसात?"

"सोळा म्हणजे विसातच की, काका."

"झालं तर मग." अप्पांनी कंदिलाची काडी उचलली आणि तिला कागद लावायला घेतला. "काय ठरलं होतं आपलं, लीला? दिवाळीच्या यादीत विसात नाव आलं पाहिजे. आलं. तिथं जाऊन बसलंच पाहिजे, असं कधी ठरलं होतं?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही, पण मिशीखाली काहीतरी हललं.

"कुठं करायचं ते कर," ते म्हणाले. "घरी कर, माडीवर कर. पण इंजिनिअरिंगच कर. आता मागं फिरलीस तर मात्र तंगडं मोडीन."

"आणि सरांना काय सांगायचं?" आईनं दारातून विचारलं. "एवढा निरोप धाडलाय त्यांनी."

"मी जातो की. हात जोडून सांगतो, पोरगी यायची नाही."

"का म्हणून विचारलं तर?"

अप्पांनी कागद काडीवर दाबून धरला, तो चिकटेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "तर सांगतो, छपाईची चूक झाली."